कंटेनर नावाची वस्तू लिनक्समध्ये नाही

डॉकर, म्हणजे प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून झालं होतं, त्याची सर्व्हिसही बिनतक्रार सुरू झाली होती. म्हणून पहिला कंटेनर चालवायला गेलो, तर पडद्यावर ओळ उमटली: 'व्हीइथ' नावाची कसलीशी जोडी जोडता येत नाही, 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. उबुंटूसारख्या लिनक्सवर हेच काम दोन-तीन कमांडमध्ये होतं आणि असलं काही वाचायची वेळ सहसा येत नाही. माझ्या मशीनवर मात्र जेंटू होतं. अर्थात चूक जेंटूची नव्हती, माझी होती. पण त्या चुकीमुळे कंटेनर म्हणजे काय हे जेवढं समजलं, तेवढं आधीच्या दोन-तीन वर्षांच्या वापरात समजलं नव्हतं.

आधी जेंटूविषयी. डॅनिएल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सच्या या प्रकाराची १.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये आली. नाव पेंग्विनच्या एका जातीचं आहे. पाण्याखाली ताशी ३६ किलोमीटरपर्यंत वेग गाठणारा हा पेंग्विन पोहण्यात सगळ्या पेंग्विनांना मागे टाकतो. जेंटू बसवायला लागणारा वेळ पाहिला की या नावाचं हसू येतं. बहुतेक लिनक्स तयार प्रोग्राम डाउनलोड करतात. जेंटू सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, डाउनलोड करतं आणि तुमच्याच मशीनवर तो कंपाइल करतं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवतं. पिठाची पिशवी न आणता गहू घेऊन गिरणीत उभं राहावं, तसं. जाड की बारीक, हे तुम्ही सांगायचं. जेंटूत त्या सूचनांना 'यूज फ्लॅग' म्हणतात. २०२३ च्या अखेरीपासून बरीच तयार पॅकेजंही मिळू लागली आहेत, पण दळून घेण्याची हौस असलेले अजून गिरणीतच दिसतात.

डॉकर बसवायची कमांड एका ओळीची आहे: 'इमर्ज', पुढे पॅकेजचं नाव. मग पडद्यावर अक्षरांचा धबधबा सुरू होतो. डॉकर गो भाषेत लिहिलेलं, त्यामुळे आधी गोचा कंपायलर लागतो. आणि २०१५ पासून गोचा कंपायलर स्वतःच गोमध्ये लिहिलेला आहे, म्हणजे गो कंपाइल करायला आधीचं गो हवं! दही लावायला विरजण लागतं, तोच पेच. म्हणून जेंटू इथे मुकाट्याने एक छोटं तयार गो आणतं आणि त्यावर पुढचं दही लावतं.

धबधबा थांबल्यावर शेवटी पिवळ्या खुणांच्या काही ओळी आल्या होत्या. कर्नलमध्ये अमुक नाही, तमुक नाही. इशाराच आहे, अडवत तर नाही, म्हणून मी पुढे गेलो. इथेच फसलो.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क, कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, हे सगळं तोच बघतो. जेंटूवर हा गाभाही स्वतः घडवता येतो. हजारो पर्यायांच्या याद्या समोर येतात आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं: आत घ्या, लागेल तेव्हा जोडता येईल असं वेगळं ठेवा, किंवा नको. मी काटकसरीच्या भरात बरंच काही 'नको' केलं होतं. २०२० पासून जेंटूचं तयार कॉन्फिगरेशनचं कर्नलही मिळतं, आणि शहाण्या माणसाने तेच घ्यावं.

डॉकरबरोबर एक तपासणीची स्क्रिप्ट येते. ती चालवली की कर्नलमध्ये काय आहे ते हिरव्या आणि काय नाही ते लाल अक्षरांत दिसतं. त्या यादीत 'कंटेनर' नावाचा पर्याय मी शोधत बसलो. तो नव्हताच. यादीत होते ते नेमस्पेस, सीग्रुप, ओव्हरले, ब्रिज, व्हीइथ. लिनक्सच्या गाभ्याला कंटेनर नावाची वस्तू माहीतच नाही. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात केलेल्या या सुट्या सोयी एकत्र बांधल्या की त्या गाठोड्याला आपण कंटेनर म्हणतो.

नेमस्पेस म्हणजे प्रोग्रामच्या डोळ्यांना लावलेली झापडं. पहिली २००२ मध्ये आली, फाइल सिस्टिमची: आतल्या प्रोग्रामला फक्त त्याला दिलेल्या डिरेक्टरीच दिसतात. पुढे प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, क्रमांकांची आली. त्यामुळे कंटेनरमधल्या प्रोग्रामला वाटतं, आपला क्रमांक १, या मशीनवरचे आपणच पहिले. बाहेरून पाहिलं तर त्याच प्रोसेसचा क्रमांक ४८१२ किंवा असाच काही असतो. प्रोसेस एकच, नावं दोन. माहेरचं आणि सासरचं म्हणा.

झापडं लावली म्हणून खाणं कमी होत नाही. त्यासाठी सीग्रुप. गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे काम २००८ च्या जानेवारीत मुख्य कर्नलमध्ये आलं. या गटाला मेमरी एवढीच, प्रोसेसर एवढाच, असं ताटात वाढून द्यायची सोय. ओव्हरले हे फाइलींचे थर एकावर एक ठेवतं. खालचे थर फक्त वाचायचे, लिहायचं ते सगळ्यात वरच्या थरावर. म्हणून एकाच इमेजवरून, म्हणजे कंटेनरच्या तयार साच्यावरून, दहा कंटेनर चालवले तरी डिस्कवर तिच्या दहा प्रती होत नाहीत.

आणि व्हीइथ? ती दोन टोकांची आभासी केबल. कंटेनरला नेटवर्कची वेगळी नेमस्पेस मिळते, म्हणजे तो बंद खोलीत बसतो. केबलचं एक टोक खोलीत, दुसरं बाहेरच्या ब्रिजला, आणि ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच. माझ्या कर्नलला अशी केबल तयारच करता येत नव्हती. यादीत जाऊन तो पर्याय चालू केला, कर्नल पुन्हा कंपाइल केलं, मशीन रीस्टार्ट केलं. 'हॅलो वर्ल्ड' नावाची काही किलोबाइटची चाचणी-इमेज चालली.

हे सगळे सुटे भाग डॉकरच्या आधीपासून होते. मार्च २०१३ मध्ये सांता क्लारातल्या पायथॉन परिषदेत सोलोमन हाइक्स यांनी जेमतेम पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. त्यातली करामत गाठोडं सहज बांधता-उचलता येण्याची होती. सोय इतकी झाली की धोका विसरायला होतं. स्वतःला 'डॉकर' ग्रुपमध्ये घातलं की दर वेळी रूटचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, पासवर्ड लागत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. पण त्या ग्रुपमधला माणूस अख्खी डिस्क कंटेनरमध्ये जोडून तिच्यावर काहीही लिहू शकतो. म्हणजे तो रूटच झाला. घरच्या मशीनवर चालेल, चार जणांच्या सर्व्हरवर नाही.

यात एक गंमत आहेच. तासन् तास कर्नल दळायचं, कंपायलर दळायचा, आणि शेवटी कुणी तरी कुठे तरी आधीच कंपाइल केलेली इमेज दहा सेकंदांत उतरवून घ्यायची. मी अल्पाइन लिनक्सची इमेज उतरवली, पाचेक एमबीची, तिचा कंटेनर चालू केला आणि आत शिरलो. डिरेक्टरी अल्पाइनच्या, पॅकेज मॅनेजर अल्पाइनचा, आवृत्तीच्या फाइलमध्ये नावही अल्पाइनचंच. मग कर्नलची आवृत्ती विचारणारी 'यूनेम -आर' ही कमांड दिली. उत्तर आलं, आणि त्या आकड्यांच्या शेवटी लिहिलं होतं: जेंटू.