मागोमे ते त्सुमागो: किसो खोऱ्यातल्या पायवाटेची पार्श्वभूमी

जपानच्या ग्रामीण भागात पायी हिंडायला जाणारे लोक किसो खोऱ्यातल्या मागोमे ते त्सुमागो या दोन गावांमधला सुमारे ८ किलोमीटरचा टप्पा आवर्जून निवडतात. कुणी वाटाड्यासोबत जातं, कुणी नकाशा घेऊन आपलं आपण. ही वाट सहलीसाठी आखलेली नाही. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणाऱ्या नाकासेन्दो या राजमार्गाचा हा तुकडा आहे. सारा मार्ग सुमारे ५३० किलोमीटरचा, मुक्कामाची गावं ६९, त्यांतली ११ किसो खोऱ्यात.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, देशाची सत्ता हाती आलेल्या तोकुगावा इयेयासूने राजमार्गांची घडी बसवली. मुक्कामाच्या प्रत्येक गावावर ठरावीक हमाल आणि घोडे तयार ठेवण्याचं बंधन होतं. सामान एका गावाहून दुसऱ्या गावी हातोहात पुढे जाई. १६३५ पासून सरदारांना आळीपाळीने एदोला येऊन राहणं सक्तीचं झालं आणि त्यांच्या लवाजम्यांनी रस्ते गजबजले. त्यांच्यासाठी ‘होन्जिन’ हे खास वाडे होते, तर सामान्यांसाठी ‘हातागो’ या खानावळवजा सराया. सामान्य माणसाला मनाला येईल तेव्हा प्रवासाची मुभा नव्हती. तीर्थयात्रेच्या नावावर मात्र परवाना मिळे. किसो-फुकुशिमाच्या चौकीवर एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोहून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया कसून तपासल्या जात, कारण सरदारांची कुटुंबं एदोत ओलीस असत. समुद्राकाठच्या तोकाइदो मार्गावर पूर आला की नदीकाठी अडकून पडावं लागे. म्हणून चढउताराचा असूनही नाकासेन्दो अनेकांना बरा वाटे. शोगुनशी, म्हणजे देशाचा कारभार चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाशी, लग्न करायला निघालेली राजकन्या काझुनोमिया १८६१ मध्ये याच वाटेने गेली.

मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, ही मुक्कामाची व्यवस्था मोडीत निघाली. १९११ मध्ये खोऱ्यातून रेल्वे पूर्ण झाली, पण त्सुमागो तिच्या वाटेत नव्हतं. गाव गरीब झालं. घरं पाडून नवी बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनीच राहिली. मागोमेची गोष्ट वेगळी: १८९५ आणि १९१५ च्या आगींत ते जवळपास जळून गेलं, आणि आजचं सुंदर दिसणारं गाव नंतर पुन्हा उभं राहिलेलं आहे.

पण त्सुमागो टिकलं ते केवळ दारिद्र्यामुळे नव्हे, आणि मला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. तरुण मंडळी शहरांकडे निघून गेल्यावर १९६८ मध्ये गावकऱ्यांनी घरांची डागडुजी हाती घेतली. १९७१ मध्ये त्यांनी ठराव केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, मोडायचं नाही. पाहुण्यांची वर्दळ वाढू लागली, जागांना भाव येण्याची चिन्हं होती, अशा वेळी घेतलेला हा निर्णय आहे. वाड्यावस्त्यांच्या जतनासाठी १९७५ मध्ये कायदा सुधारला गेला आणि १९७६ मध्ये संरक्षण मिळालेल्या पहिल्या गावांत त्सुमागो होतं.

१९९२ मध्ये हाँगकाँग विद्यापीठातल्या दोन अध्यापकांनी नाकासेन्दोवर मार्गदर्शकासह पायी सहली सुरू केल्या. एकट्याने जाणाऱ्यांची सोय आता दिशाफलक, अस्वलांना दूर ठेवण्यासाठी वाजवायच्या घंटा आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी सेवा करते. हमाल-घोड्यांचं जुनं काम आज गाड्या करतात, एवढाच फरक.

गर्दी मात्र याच ८ किलोमीटरवर होते. किसो खोऱ्यातल्याच याबुहारा आणि नाराई या मुक्कामाच्या गावांमधला तोरिई खिंडीचा टप्पाही याच राजमार्गाचा आहे, आणि तिथे पोचायला रेल्वे दोन्ही टोकांना आहे.