परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा टीसीएस : पार्श्वभूमी

सावदा-रावेरकडचा केळी उत्पादक मुलीच्या एमबीबीएसची फी कझाकस्तानला पाठवायला जळगावच्या बँकेत जातो, तेव्हा फीच्या रकमेशिवाय खात्यातून आणखी दोन-तीन आकडे वजा होतात : बँकेचे शुल्क, जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर. यात टीसीएसचा आकडा डोळ्यात भरतो आणि लोक त्यालाच ‘बाहेर पैसे पाठवायचा कर’ म्हणतात. खरे तर कायमचा जाणारा कर जीएसटी आहे आणि तो किरकोळ असतो. १२ लाख रुपयांच्या चलन बदलावर जीएसटीसाठी ५,७०० रुपये मूल्य धरतात, त्याचे १८ टक्के म्हणजे १,०२६ रुपये. टीसीएस हा पाठवणाऱ्याच्याच आयकराचा आगाऊ घेतलेला पैसा आहे. ज्याला आयकर लागतच नाही, त्याला तो पूर्ण परत मिळतो, पण मागितला तरच. शेतीवर जगणाऱ्या घरात हे मागणेच राहून जाते.

ही वसुली आली कुठून, ते पाहायचे तर सुरुवात करापासून नव्हे, परवानगीपासून करावी लागते. दुसरे महायुद्ध पेटले आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात परकीय चलनावर नियंत्रण आणले. युद्ध संपले, नियंत्रण राहिले. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९७३ च्या ‘फेरा’ने (परकीय चलन नियमन कायदा) तो आणखी कडक केला. चलन नियमांचा भंग हा फौजदारी गुन्हा होता. देशाकडे डॉलरच कमी, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक डॉलरला आधी मंजुरी लागे. कर लावण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण सामान्य माणसाचा पैसा मुळात बाहेर जाऊच शकत नव्हता.

१९९१ च्या संकटानंतर दारे किलकिली झाली. १ जून २००० पासून ‘फेमा’ (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) लागू झाला आणि फौजदारी गुन्ह्याच्या जागी दिवाणी दंड आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे एलआरएस, आणली. निवासी व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर पाठवता येऊ लागले. २००७ च्या सप्टेंबरपर्यंत ही मर्यादा २ लाख डॉलरवर गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया कोसळत असताना ती एका फटक्यात ७५,००० वर आणली गेली, २०१४ मध्ये १,२५,००० आणि २०१५ मध्ये आजची २,५०,००० डॉलर झाली. मर्यादा हा सरकारच्या हातातला नळ होता. गंगाजळी भरली की सैल, आटली की घट्ट.

नळ सैल झाल्यावर प्रवाह वाढला. २०१३-१४ मध्ये या योजनेतून सुमारे १.१ अब्ज डॉलर गेले होते, २०१९-२० मध्ये सुमारे १८.७६ अब्ज. एवढे पैसे पाठवणारे विवरणपत्र भरतात का, हा प्रश्न आयकर खात्याला पडणे साहजिक होते. २०२० च्या वित्त कायद्याने कलम २०६सी (१जी) आले आणि १ ऑक्टोबर २०२० पासून वर्षाला ७ लाखांवरील रकमेवर ५ टक्के टीसीएस सुरू झाला. शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर अर्धा टक्का होता. करजाळे रुंद करणे हा त्याचा जाहीर हेतू. म्हणजे परवानगीच्या जागी मर्यादा आली होती, आता त्यावर पॅनची नोंद चढली.

२०२३ चे वर्ष गोंधळाचे. अर्थसंकल्पात दर २० टक्क्यांवर नेला, शिक्षण आणि उपचार मात्र ५ टक्क्यांवर ठेवले. मे महिन्यात परदेशातला क्रेडिट कार्डचा खर्चही योजनेत ओढला, तीन दिवसांत ७ लाखांपर्यंतचा कार्डखर्च वगळत असल्याचा खुलासा आला, आणि जूनअखेरीस कार्डाचा विषय पुढे ढकलून नवे दर १ जुलैऐवजी १ ऑक्टोबरपासून लागू केले. १ एप्रिल २०२५ पासून सूट १० लाखांवर गेली आणि शैक्षणिक कर्जावरचा टीसीएस रद्द झाला. २०२६ च्या अर्थसंकल्पाने शिक्षण व उपचारांचा दर २ टक्के केला. वर्षाला १२ लाख पाठवणाऱ्या बापाचा हिशोब बघा : २०२०-२१ च्या नियमाने २५,००० रुपये, २०२५-२६ मध्ये १०,००० आणि आता ४,०००.

दर उतरले, तरी चुका त्याच होतात. सगळ्यात महाग चूक परदेशी पैसे पाठवायला बँकेत भरायच्या ए-टू फॉर्मवरच्या पर्पज कोडची, म्हणजे पैसे कशासाठी ते सांगणाऱ्या क्रमांकाची. शिक्षणासाठी एस०३०५ आहे, नातेवाइकांच्या पालनपोषणासाठी एस१३०१. मुलीच्या खोलीभाड्याचे, जेवणाचे पैसे म्हणून कोणी दुसरा कोड टाकला की शिक्षणाचा सवलतीचा दर जातो आणि १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. १५ लाख पाठवले तर १०,००० च्या जागी १ लाख. शिकणाऱ्या मुलाचा रोजचा खर्चही शिक्षणातच मोडतो, असे प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. म्हणून सही करण्याआधी कोडचा रकाना स्वतः वाचावा.

दुसरी गफलत कर्जाची. खानदेशात हाताशी असते ती पतसंस्था किंवा सोनेतारण. पण कर्जाची सवलत १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०ई कलमात मोडणाऱ्या शैक्षणिक कर्जालाच मिळते, आणि तेही बँकेकडून किंवा अधिसूचित वित्तसंस्थेकडून घेतलेल्या. पतसंस्थेतून उचललेले किंवा दागिने ठेवून काढलेले पैसे कोणत्याही कामासाठी वापरले तरी बँकेच्या लेखी ते स्वतःचे पैसे.

१० लाखांची सूट एका पॅनला, एका आर्थिक वर्षासाठी, सगळ्या बँका आणि सगळी कारणे मिळून असते. दुसऱ्या बँकेतून आधी काही गेले असेल तर ते हमीपत्रात लिहावे लागते. आई आणि वडील दोघांनी आपापल्या पैशातून पाठवले तर दोघांना वेगळी सूट मिळते. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय धरतात आणि दुप्पट दर किंवा ५ टक्के, यांतला जास्त असेल तो लागतो, पण २० टक्क्यांच्या वर नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने पॅन इथेच अडतात.

परताव्याचे गणित कळीचे आहे. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त, म्हणून केळीवाल्याने कधी विवरणपत्र भरलेले नसते. टीसीएस मात्र त्याच्या पॅनवर २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या जमा कराच्या नोंदपत्रकात, जाऊन बसतो आणि विवरणपत्राशिवाय तिथून हलत नाही. वर्षभरात टीडीएस (उत्पन्नातून आधीच कापलेला कर) आणि टीसीएस मिळून २५,००० किंवा अधिक झाले (साठीनंतर ५०,०००), तर विवरणपत्र सक्तीचेच होते. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. सोपा म्हणून आयटीआर-१ भरणे ही नेहमीची चूक. सप्टेंबरात फी गेली तर पुढच्या वर्षी ३१ जुलैपर्यंत विवरणपत्र आणि त्यानंतर परतावा, म्हणजे पैसा दहा-अकरा महिने अडकतो. पगारदार पालकाला ही झळ कमी : १ ऑक्टोबर २०२४ पासून तो टीसीएसचा तपशील मालकाकडे देऊन पगारातली करकपात कमी करून घेऊ शकतो. शेतकऱ्याला अशी वाट नाही. त्याच्यासाठी बँकेचे टीसीएस प्रमाणपत्र, २६एएसमधली नोंद आणि आधीच पडताळून ठेवलेले बँक खाते, एवढेच हातात असते. नोंद दिसली नाही तर विवरणपत्र भरण्याआधी बँकेकडून दुरुस्ती करून घ्यावी. बहुतेक वेळा पॅनचे एखादे अक्षर चुकलेले असते.