दुखण्याचा पॅच: खसखशीच्या झाडापासून पाठीपर्यंत

आमच्या मेडिकलवर ब्युप्रेनॉर्फिन या दुखण्यावरच्या औषधाचा पॅच, म्हणजे कातडीला चिकटवायची पट्टी, न्यायला आलेली बहुतेक माणसं एकच विचारतात, "भाऊ, यानी सवय लागी जाई का?" काउंटरवरच्या गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

अनारशाला लावतो ती खसखस ज्या झाडाची, त्याच झाडाच्या बोंडांतून अफू निघते. आपल्या उत्तरेला नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यावर तिची शेती होते. अफूत दुखणं थांबवणारं मॉर्फिन असतं, तसंच थेबेनही असतं. थेबेन दुखण्यावर कामाचं नाही, जास्त पोटात गेलं तर झटके येतात. पण रसायनशाळेत त्यात फेरफार करून औषधं बनवता येतात. मूळ झाडाचं आणि पुढचं काम माणसाचं, म्हणून ही औषधं अर्धसंश्लेषित. १९१६ साली जर्मनीत फ्रॉइंड आणि श्पायर यांनी थेबेनपासूनच ऑक्सिकोडोन हे दुखण्यावरचं औषध केलं. आराम मॉर्फिनचा मिळावा, सवय मात्र लागू नये, ही आशा होती. ती खरी ठरली नाही.

तीच आशा धरून इंग्लंडमधल्या हल शहरात रेकिट अँड कोलमन ही कंपनी कामाला लागली. डेटॉलवाली, तीच. तिथे जॉन लुइस यांच्या चमूने कित्येक वर्षं चिकाटीने खपून १९६६मध्ये थेबेनपासूनच ब्युप्रेनॉर्फिन तयार केलं. १९७८मध्ये त्याचं इंजेक्शन आलं, १९८२मध्ये जिभेखाली ठेवायची गोळी, पॅच त्यानंतर. मॉर्फिन मेंदूत जिथे बसतं तिथेच हे बसतं, त्याहून घट्ट, पण ती जागा पुरती जागी करत नाही. मॉर्फिनसारख्या औषधांनी श्वास मंदावतो, पण ब्युप्रेनॉर्फिनच्या या गुणामुळे त्याला एका मर्यादेनंतर आळा बसतो. याच गुणामुळे अमेरिकेत २००२पासून ते अफूजन्य नशा सोडवायलाही देतात.

आता तुमचा प्रश्न. सवय लागू शकते, हे लपवणार नाही. पण कॅन्सरच्या दुखण्याने रात्र रात्र बसून काढणाऱ्या माणसाला त्या भीतीपायी तळमळत ठेवणं आम्हाला पटत नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वापरा, मनाने अचानक बंद करू नका. आधी मॉर्फिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच, नाहीतर अंगात कळा, घाम, मळमळ सुरू होऊ शकते. झोपेची गोळी किंवा दारू सोबत घेतली तर वर सांगितलेला आळा पुरत नाही, श्वास थांबू शकतो.

सात दिवसांचा पॅच पहिल्याच दिवशी पूर्ण काम करत नाही, तीनेक दिवस लागतात. तोवर घाईने दुसरा चिकटवू नका, कापूनही लावू नका.

आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे उष्णता. तापल्या कातडीतून औषध भराभर रक्तात उतरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात पॅच लावलेल्या माणसाला बसवू नका. त्या जागेवर रुईच्या पानांचा शेक, गरम पाण्याची पिशवी नको. ताप चढला तर डॉक्टरांना फोन करा. माणूस जास्तच गुंगला, हाक मारून उठेना, तर पॅच काढा आणि लगेच दवाखाना गाठा.

काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असा टाका.