वाहतं पाणी असलं की कीटक नसतात?

‘वाहत्या पाण्याकाठी तंबू ठोका, डास होत नाहीत’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. डासांच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात हे बरोबर. पण ब्लॅकफ्लाय या चावऱ्या काळ्या माशीच्या अळ्यांना वाहतं पाणीच लागतं. खळाळत्या प्रवाहात त्या दगडांना चिकटून वाढतात. म्हणून थंड प्रदेशात वसंतात धबधब्याशेजारचा रम्य मुक्कामच सर्वांत त्रासाचा ठरतो.

त्यापेक्षा मोठ्या तलावातलं बेट किंवा वाऱ्याला उघडं खडकाळ टोक निवडा. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात डास आणि काळी माशी दोघांनाही नीट उडता येत नाही. कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, मात्र उलटी करून झाडाला बांधा, नाहीतर तोच वारा ती पाण्यात लोटेल. काळी माशी दिवसा चावते आणि कपड्यांच्या फटीतून आत सरकते. विजार पायमोज्यांत खोचा.