ब्लॅक अँड व्हाइट निसर्गफोटोंवर बोलायची पद्धत आली कुठून?

कोणी ब्लॅक अँड व्हाइट निसर्गफोटो दाखवला की बहुतेकदा "मस्त", "एक नंबर", फार तर "कॉन्ट्रास्ट थोडा वाढव" एवढ्यावर विषय संपतो, आणि दाखवणाऱ्याला पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते काही कळत नाही. खरं तर अशा फोटोंवर नीट बोलायची पद्धत घडायला शंभरेक वर्षं गेलीत, आणि ती घडली ती एकाने दुसऱ्याचे प्रिंट मनापासून बघितले म्हणून.

सुरुवातीचा घोळ आकाशाचा होता. 1850 च्या दशकातल्या काचेच्या प्लेटवर निळा रंग फार लवकर उमटायचा, म्हणजे झाडी किंवा खडक नीट येईपर्यंत आकाश पार पांढरंफटक, ढग गायब. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने समुद्राची एक आणि ढगांची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून प्रिंट काढले, ते गाजले, पण अशा जोडकामाला निसर्गाचं खरं चित्र म्हणायचं का यावर पुढे बरीच वर्षं भांडणं चालली. त्याच सुमाराला, 1854 मध्ये, आपल्या मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. एकत्र बसून एकमेकांचे प्रिंट बघायची सवय अशा सोसायट्यांमधूनच लागली.

मग आला पीटर हेन्री एमर्सन. इंग्लंडच्या नॉरफोकमधली पाणथळ जागा आणि तिथली माणसं टिपणारा हा माणूस जोडकामाचा कट्टर विरोधक, 1889 मध्ये त्याने निसर्गाशी प्रामाणिक फोटोग्राफीवर अख्खं पुस्तक लिहिलं. पण 1890 मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी प्रकाश आणि निगेटिव्हचा काळेपणा यांचं नातं मोजून मांडलं, तेव्हा एमर्सनला वाटलं की टोन, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा, आपल्या हातात नाहीतच मुळी, मग ही कला कसली, आणि त्याने काळ्या चौकटीची पुस्तिका छापून आपलंच म्हणणं मागे घेतलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण टोन आपल्या हातात असतात की नाही यावरच सगळं अडलेलं आहे. नसतील तर अभिप्राय देऊन उपयोग काय!

याच एमर्सनने 1887 मध्ये एका इंग्रजी मासिकाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बर्लिनमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन फोटोग्राफरला पहिलं बक्षीस दिलं होतं. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्टिग्लिट्झची गॅलरी म्हणजे प्रिंट घेऊन जायचं ठिकाण झालं. 1933 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाहून निसर्गफोटोग्राफर अँसेल अ‍ॅडम्स तिथे गेला. खोलीत खुर्ची एकच, त्यावर स्टिग्लिट्झ, म्हणून हा रेडिएटरवर टेकला. स्टिग्लिट्झने एकेक प्रिंट न बोलता बघितला, फोल्डर बांधून ठेवला, अ‍ॅडम्सकडे बघितलं, परत फोल्डर सोडला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बघितलं, आणि मगच तोंड उघडून कौतुक केलं. 1936 मध्ये त्याने अ‍ॅडम्सचं प्रदर्शनही भरवलं. दोनदा बघून मग बोलणं, यापेक्षा चांगला अभिप्राय मला तरी माहीत नाही.

एमर्सनच्या शंकेचं उत्तर अ‍ॅडम्सनेच दिलं. 1927 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम या डोंगराचा कडा टिपताना पिवळ्या फिल्टरने आकाश हवं तेवढं गडद येणार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला, आकाश जवळजवळ काळं झालं. आपल्याकडची पावसाळ्यातली कळलावी घ्या, डोळ्यांना लाल फूल आणि हिरवं पान किती वेगळं दिसतं, पण साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर दोन्ही साधारण एकाच करड्या रंगाचे होतात. लाल फिल्टर लावला तर फूल उजळतं, हिरवा लावला तर पानं. 1940 च्या सुमाराला अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम, म्हणजे टोनना आकडे द्यायची पद्धत, बसवली, शून्य म्हणजे ठार काळा, दहा म्हणजे कागदाचा पांढरा, पाच म्हणजे मधला करडा, 18 टक्के प्रकाश परत फेकणारा. त्यामुळे "जरा डार्क वाटतंय" असं मोघम न बोलता "सावलीतला खडक झोन तीनवर हवा होता, तो दोनवर गेलाय, म्हणून पोत गेलाय" असं बोलता यायला लागलं, आणि ऐकणाऱ्याला काय दुरुस्त करायचं ते लगेच समजतं.

पण नुसते झोन मोजले की फोटो कोरडा पडतो, आणि इथे अमेरिकन फोटोग्राफर मायनर व्हाइटचं काम येतं. 1946 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला अ‍ॅडम्सने सुरू केलेल्या फोटोग्राफी विभागात शिकवायला आला, आणि विद्यार्थ्यांना प्रिंटसमोर बराच वेळ शांत बसवून आपल्या आत काय होतंय ते आधी बघायला लावायची त्याची पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. फोटो काढणाऱ्यालाही यातून कळतं की समोरच्यापर्यंत नक्की काय पोचलं.

स्पर्धांमध्ये मात्र अजून एक प्रश्न असतो. फियाप (आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघ), आरपीएस (ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) या तिन्ही संस्थांनी नेचर विभागाची एकच व्याख्या 2015 मध्ये लागू केली, त्यात रंगीत फोटो ग्रेस्केल करायला परवानगी आहे, पण काही जोडायचं किंवा काढून टाकायचं नाही, आणि जाणकाराला विषय ओळखता आला पाहिजे. त्यामुळे कळलावीचा फोटो असेल तर रंग गेल्यावर पाकळ्यांचे नागमोडी काठ आणि पानाच्या टोकाचा वेलतणावा स्वच्छ दिसतोय का, हेही परीक्षक बघणारच.