ड्रंक अँड ड्राइव्ह आणि ‘पुडी’ची केस: जामीन, लायसन्स आणि लागणारी कागदपत्रे

नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकलं आणि आकडा वर गेला की पहिला प्रश्न येतो, “दंड किती?” घोळ तिथूनच सुरू होतो. हेल्मेटचं किंवा सिग्नलचं ई-चलान मोबाइलवरून भरून मोकळं होता येतं. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, हा गुन्हा तडजोडपात्र नाही. पोलिसांना तो पैसे घेऊन मिटवता येत नाही आणि लोकअदालतीतही तो निघत नाही. त्यामुळे सवलतीच्या आशेने लोकअदालतीची वाट बघत बसू नका, कोर्टाची तारीख चुकेल ती वेगळीच.

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. त्यापेक्षा जास्त आढळलं तर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. “दोन हजारात सुटतं रे” म्हणणारे मित्र अजून त्याच काळात आहेत.

गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा तुमचा हक्क, पोलीस ठाण्यातूनच मिळायला हवा. स्वतःचं आधार आणि पत्त्याचा पुरावा, जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड आणि त्याची ऐपत दाखवणारं काहीतरी एवढी तयारी ठेवा. ऐपतीसाठी शहरात पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती, गावाकडे ७/१२ उतारा. कोर्टात रक्कम मोठी असेल तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात. तो हातात पडायला वेळ लागतो, म्हणून अर्ज लगेच टाकावा. जामीनदाराने आधी किती जणांना जामीन दिला आहे, हेही त्याला लिहून द्यावं लागतं. जामीनदार मिळतच नसेल आणि अटकेला आठवडा उलटला असेल, तर जामीनपात्र गुन्ह्यात आरोपी निर्धन आहे असं कायदाच गृहीत धरतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं लागतं.

बचावाचा खरा भाग मात्र घड्याळात असतो. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. नीट लक्षात घ्या: सोडावं लागतं, केस संपत नाही. तरीही अटकेची वेळ, मशीनच्या स्लिपवरची वेळ, डॉक्टरांच्या केसपेपरवरची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ या चारही वकिलाला हव्या असतात. स्लिपची प्रत मागून घ्या, निदान फोटो तरी. आणि फुंकायलाच नकार देणं ही हुशारी नाही. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ खाली तुमच्याविरुद्धच वापरता येतो.

गुन्हा कबूल करून दंड भरला की एका दिवसात मोकळं, असं ऐकून कित्येक जण पहिल्याच तारखेला हो म्हणतात. ती शिक्षा असते, पावती नव्हे. पुढच्या वेळी तीच ‘पहिला गुन्हा’ म्हणून पुढे येते.

दंड भरला तरी लायसन्सची फाइल वेगळी चालते. कलम २०६ खाली पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. बदल्यात मिळते ती पोच, आणि त्या पोचवर गाडी चालवता येत नाही. आरटीओची नोटीस आली की लेखी खुलासा घेऊन सुनावणीला हजर राहा. सोबत पोच, नोटिशीची प्रत आणि कोर्टाचा काही आदेश असेल तर तो. पहिल्या गुन्ह्याला ३ महिने अपात्रता, पुन्हा घडल्यास लायसन्स रद्द. आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. अपात्रतेचे महिने संपले तरी रिफ्रेशर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही.

गाडी जप्त असेल तर ती सोडवण्याचा अर्ज मूळ मालकाने कोर्टात करायचा. आरसी, विमा, मालकाचं ओळखपत्र जोडायचं आणि सुपुर्तनामा, म्हणजे गाडी ताब्यात घेताना दिलेली लेखी हमी, लिहून द्यायचा. जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, पंचनामा आणि फोटो करून ती सोडावीत, असं सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे. अर्जात हा निकाल नमूद करतात.

आता डिकीत किंवा खिशात पुडी सापडली तर. इथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा लागतो आणि सगळं वजनावर ठरतं. गांजा १ किलोपर्यंत ‘अल्प’, २० किलोच्या वर ‘व्यावसायिक’. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मात्र २ ग्रॅमपर्यंतच अल्प आणि ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. व्यावसायिक प्रमाणात कलम ३७ मुळे जामीन फार कठीण. अल्प प्रमाणातही जामीन आपोआप मिळत नाही, कारण या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत असं मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणून पंचनाम्यातलं वजन, पुडीसकट की नुसत्या मालाचं, हे आधी वाचा. अंगझडतीपूर्वी ‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का’ असं विचारलं होतं का, तेही बघा. कलम ५० चा हा हक्क अंगझडतीपुरता आहे, बॅग किंवा डिकीला तो लागू नाही.

व्यसन असलेल्यांसाठी कलम ६४अ आहे आणि ते फार कमी कुटुंबांना माहीत असतं. आरोप सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल आणि आरोपी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यातून त्याला संरक्षण मिळू शकतं. वकिलामार्फत कोर्टात अर्ज करायचा आणि रुग्णालयाचं दाखल झाल्याचं पत्र, केसपेपर आणि केंद्राला मान्यता असल्याचा कागद जोडायचा. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कोणीही व्यक्ती उत्पन्न न बघता पात्र असते, त्यामुळे त्यांच्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्याच्या मागे धावण्याची गरज नाही. हेल्पलाइन १५१००.