सक्तीची समानता (दुःस्वप्नलोकाच्या साहित्यातील संकल्पना)

सक्तीची समानता : माणसामाणसांत असलेला फरक हाच अन्याय मानून तो सत्तेच्या जोरावर पुसून टाकणारी समाजव्यवस्था. डिस्टोपिया, म्हणजे दुःस्वप्नलोक रंगवणाऱ्या कथा-कादंबऱ्यांत ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वारंवार येते. कायद्यापुढची किंवा संधीची समानता येथे अभिप्रेत नसते. उंचाला छाटायचे, हुशाराला गुंगवायचे, देखण्याला विद्रूप करायचे आणि सगळ्यांना एका मापात बसवायचे, असा हा कारभार असतो.

इंग्रज विनोदी लेखक जेरोम के. जेरोम याने १८९१ मध्ये लिहिलेल्या ‘द न्यू युटोपिया’ या लघुकथेत हा कारभार जवळजवळ पूर्ण रूपात आढळतो. समाजवादी मित्रांच्या पंगतीला उंची खाणेपिणे चापत, समतेच्या गप्पा मारून घरी आलेला निवेदक झोपतो आणि थेट एकोणतिसाव्या शतकात जागा होतो. तिथे नावांच्या जागी आकडे आहेत, सगळ्यांचे कपडे सारखे आहेत आणि केसही काळेच. एखादा फारच धट्टाकट्टा निघाला तर त्याचा हात किंवा पाय कापतात. फारच बुद्धिमान निघाला तर डोक्यावर शस्त्रक्रिया करतात. पुढच्या लेखकांनी या थट्टेतले हसू काढून घेतले आणि यंत्रणा तेवढी ठेवली.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याच्या ‘आम्ही’ या कादंबरीत नागरिक काचेच्या घरांत राहतात, ठरलेल्या मिनिटाला उठतात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. निवेदकाला एकच गोष्ट खटकते : नाके अजून वेगवेगळी आहेत, म्हणजे मत्सराला जागा उरली. ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादात न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघात छापली जायला १९८८ साल उजाडले. मत्सराचा हा धागा एल. पी. हार्टलीने ‘फेशियल जस्टिस’ (१९६०) मध्ये पुढे नेला. तिसऱ्या महायुद्धानंतरच्या या राज्यात स्त्रियांच्या चेहऱ्यांची प्रतवारी असते आणि सुंदर चेहऱ्याने इतरांना त्रास होतो म्हणून तो मध्यम प्रतीचा करून घेणे हे सत्कृत्य समजतात. नायिकेचा चेहरा तर तिला न विचारताच बदलला जातो. वधू-वर सूचक जाहिरातींतला ‘गोरी, सडपातळ’ हा मजकूर वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला हार्टलीच्या राज्यकर्त्यांचा राग समजू शकतो. उपाय मात्र भयंकरच वाटतो.

या परंपरेतली सर्वांत जास्त वाचली गेलेली कृती म्हणजे अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट याची ‘हॅरिसन बर्जरॉन’ ही १९६१ ची छोटीशी कथा. साल २०८१. राज्यघटनेच्या २११, २१२ आणि २१३ व्या दुरुस्त्यांमुळे सगळे एकदाचे समान झालेले आहेत. हॅरिसनचा बाप जॉर्ज याच्या गळ्यात ४७ पौंड शिशाचे छर्रे भरलेली पिशवी कुलूप लावून अडकवली आहे. त्याच्या कानातल्या रेडिओवर दर वीसेक सेकंदांनी कर्कश आवाज होतो, म्हणजे विचार सलग होऊ नये. नर्तिकांच्या अंगावर वजने आहेत आणि चेहऱ्यांवर मुखवटे. चौदा वर्षांचा हॅरिसन तुरुंगातून पळून टीव्हीच्या स्टुडिओत घुसतो, बेड्या तोडून नाचतो आणि समानतेची अंमलबजावणी करणारी अधिकारी बाई बंदूक घेऊन येते व त्याला ठार करते. हे सारे आईबाप घरी टीव्हीवर पाहतात आणि क्षणात विसरतात. कथेतली सर्वांत बोचणारी जागा मात्र या गोळीबाराच्या आधी आहे. थोडे छर्रे काढून ठेव, असे बायको सुचवते तेव्हा जॉर्जच नकार देतो : मी काढले तर इतरही काढतील, आणि मग पुन्हा स्पर्धेचे ते काळे दिवस येतील. पिशवीला कुलूप आहे खरे, पण तिच्यावर पहारा जॉर्ज स्वतःच देतो.

ही कथा भलत्याच कामासाठीही वापरली गेली. पायाच्या रक्ताभिसरणाचा विकार असलेल्या केसी मार्टिन या गोल्फ खेळाडूला स्पर्धेत गाडी वापरू द्यावी, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी आपल्या विरोधी मतपत्राचा शेवट व्हॉनेगटच्या कथेतल्या पहिल्या वाक्याने केला : साल २०८१ होते आणि सगळे एकदाचे समान झाले होते. २०८१ च्या जागी फक्त २००१ घातले. अपंग माणसाला दिलेली सोय म्हणजे धडधाकटांच्या गळ्यात पडलेली शिशाची पिशवी, असा त्याचा अर्थ. मुंबईच्या लोकलला दिव्यांगांचा डबा असतो आणि त्यामुळे शेजारच्या डब्यातला प्रवासी सावकाश पोहोचत नाही. स्कालियांचा युक्तिवाद कुठे घसरतो हे दाखवायला एवढे पुरे. २००५ मध्ये कॅन्ससमधील शाळांच्या निधीविषयीच्या खटल्यात सधन बाजूच्या वकिलांनी हीच कथा पुढे केली, तेव्हा हयात असलेल्या व्हॉनेगटनेच हरकत घेतली. आपली कथा बुद्धी आणि गुणांविषयी आहे, आणि श्रीमंती हा या दोहोंपैकी कशाचाच पुरावा नाही, असे त्याचे म्हणणे होते.

मराठी वाचकाला ही कथा आणखी एका कारणाने वेगळी लागते. तिच्यात गळ्यातले ओझे समतेच्या नावाने येते. येथे ते विषमता टिकवण्यासाठी आले होते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, अशी नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात केली आहे. लाहोरच्या परिषदेत न झालेले हे भाषण त्यांनी १९३६ मध्ये मुंबईत स्वखर्चाने छापले. माणसे मुळात समान नसतातच, हा आक्षेप त्यांनी टाळलेला नाही. समता हे कल्पित असेल, तरी राज्यव्यवहाराचे तत्त्व म्हणून ते स्वीकारावेच लागते, असे ते म्हणतात. माणसाची कुवत आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न या तिहींवर ठरते. प्रयत्नांप्रमाणे वागणूक वेगळी असू द्या. पण पहिल्या दोहोंवरून भेद केला, तर शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी दुसरी बाजूही मांडली : समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे वर्चस्व, आणि स्वातंत्र्यावाचून समता माणसाची उमेद मारते. व्हॉनेगटची कथा यातल्या शेवटच्या पाच शब्दांची आहे. आंबेडकरांच्या वाक्याचा आधीचा अर्धा भाग सोडून ती वाचली की स्कालियांसारखे होते.

समान वाटपाचा कायदा माप हाती असलेल्यांकडे कसा झुकतो, याचे उदाहरण शोधायला मुंबईकराला कादंबरीची गरज नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत मोकळ्या जमिनीवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. त्यावरची जमीन सरकारने घ्यायची आणि गरिबांच्या घरांना वापरायची, असा हेतू होता. प्रत्यक्षात थोडीच जमीन सरकारच्या ताब्यात आली. बरीचशी खटल्यांत अडकली किंवा कायद्याच्या कलम २० खाली ‘सार्वजनिक हिता’च्या नावाने मिळणाऱ्या सवलतींतून सुटली, आणि सवलत कोणाला द्यायची हे मंत्रालयात ठरत असे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये कायदा रद्द केला. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) मध्ये सगळे प्राणी समान म्हणत मालकाला हाकलतात, पण दूध आणि सफरचंदे डुकरांसाठी राखून ठेवली जातात. डोक्याचे काम करणाऱ्यांना ती लागतातच, असे इतर प्राण्यांना समजावले जाते. कलम २० मधला ‘सार्वजनिक हित’ हा शब्दप्रयोग बराचसा त्याच कामाचा होता.

उलट बाजूचे दुःस्वप्न ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग याने १९५८ मध्ये लिहिले. ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ मध्ये कोणालाही छाटत नाहीत. बुद्ध्यंक अधिक प्रयत्न या सूत्राने प्रत्येकाची जागा मोजून ठरते. वरचे आपले यश सर्वस्वी आपलेच समजतात आणि खालच्यांना तक्रारीलाही तोंड उरत नाही. अखेर उठाव होतो आणि त्यात व्यवस्थेची भलामण करणारा निवेदक मारला जातो. यंगच्या वाट्यालाही व्हॉनेगटसारखेच नशीब आले. इशारा म्हणून लिहिलेली कल्पना ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यासारखे राजकारणी ध्येय म्हणून मिरवू लागले, तेव्हा २००१ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याला वर्तमानपत्रात लेख लिहून निषेध करावा लागला.